सिरिल कुत्री धुतो

साखरेच्या भांड्यात हरणाचं एक शिंग.

खिडकीत वाळत ठेवलेली कोंबडी, चोच नसलेली.

डोरीनच्या मोज्यात कपाटाची किल्ली.

सिंकमध्ये कोमट पाणी, आणि त्यात आडवी पडलेली गाय.

सिरिलने उभा जन्म इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरची ही जुनी, शोभेची चिनी मातीची जनावरं जमवण्यात घालवला होता. पाणी लावायचं नाही, कोरडा ब्रश फिरवायचा, हा नियम त्याचाच. यातलं प्रत्येक जनावर कधी ना कधी मोडलेलं, कुणीतरी सरसाने जोडून वर रंग फासलेलं. पाणी लागलं की सरस सुटतो. बायकोने, डोरीनने, एकदा ओलं फडकं फिरवलं, तर त्याने आठवडाभर अबोला धरला होता.

आता त्याला नियम आठवत नाही. डोरीनही धड आठवत नाही. जनावरं मळलीत, एवढंच दिसतं. सकाळ झाली की बाह्या सारून सिंकपाशी उभा.

शेकोटीवरच्या फळीवरची कुत्र्यांची जोडी तेवढी उरली होती. तोंडं एकमेकांकडे, गळ्यात सोनेरी साखळी. डोरीनने ती कपाटात कोंडली.

शेजारची बेरिल म्हणाली, "अगं, नकली जोडी आण नि दे धुवायला. त्याला काय कळतंय आता!"

डोरीनने आणली. सिरिलने एक कुत्रा उलटा केला, बुडाच्या भोकात बोट घातलं.

"बोट आत जातंय. जुन्याचं भोक टाचणीएवढं असतं. फसवलं हो तुम्हाला, बाई. दुकानात परत करा."

"सिरिल, अरे मी डोरीन."

"असाल. पण परत करा."

मग तो कपाटापाशी गेला. दाराची मूठ खडखडवली, पुन्हा खडखडवली. "आत कोंडलंय गं त्यांना कुणीतरी," म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. डोरीनने रेडिओ लावला, चहा दिला, हाताला धरून बागेत नेलं. तो परत येऊन तिथेच उभा.

शेवटी तिने मोज्यातून किल्ली काढली.

त्याने पहिला कुत्रा अलगद पाण्यात सोडला, कानामागे अंगठ्याने चोळलं. थोड्या वेळाने मुंडकं त्याच्या हातात आलं. त्याने ते उजेडात धरलं.

"बघ, कसला स्वच्छ निघाला! आता दुसरा दे."

तिने दिला.

लग्नाआधी सिरिल पहिल्यांदा तिच्या घरी जेवायला आला, तेव्हा त्याने कुणी न सांगता सगळी भांडी धुतली होती.