मुरघासाचा पहिला खड्डा

भिलाईकडच्या कुम्हारीजवळ तेजरामच्या गोठ्यावर मुरघासाचा, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, खड्डा भरायचा दिवस म्हणजे घरचा सणच! मक्याची बारीक चिरलेली कुट्टी खड्ड्यात टाकायची, ट्रॅक्टरने दाबायची आणि अंधार पडायच्या आत ताडपत्रीखाली बंद करायची. आत हवा राहिली की चारा सडला, आणि उन्हाळ्यात गाई उपाशी. काम चालू असताना तेजराम दरवर्षी एकच गोष्ट सांगायचा: भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये नोकरी करूनही आपण पहिला खड्डा कसा भरला! गोष्टीतला तो खड्डा दरवर्षी थोडा खोल व्हायचा.

यंदा मात्र ऐकायला कोणी नव्हतं. चरोद्याहून बचत गटाच्या बाया शिकायला आल्या होत्या आणि सगळ्या त्याच्या बायकोभोवती गोळा झाल्या होत्या. "अन्नपूर्णाताई, गूळ किती टाकायचा?" "ताई, किती दाबायचं?" तेजरामच्या अंगाचा तिळपापड झाला. रिटायर झाल्यापासून त्याला हेच डाचत होतं. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा त्याला "ताईंचे मिस्टर" म्हणायचा!

"हिलेच विचारा सारं! मी का इथं माश्या मारून राहिलो?" म्हणत तो ट्रॅक्टरवरून उतरला, चावी खिशात घातली आणि बाभळीखाली जाऊन बसला. खड्डा अर्धाच दाबलेला. अन्नपूर्णाने पदर खोचला आणि ती पायांनीच कुट्टी तुडवू लागली.

तेजरामची आई, सिंधुताई, काठी टेकत बाभळीखाली आली.

"कावून रुसला रे?"

"माय, पुरी जिंदगी मी कमावलं, अन् नाव तिचं?"

"जळून राहिला तू. सीधं सांग ना!"

"हो, जळून राहिलो! मंग?"

"मंग ऐक. पयल्या खड्ड्याच्या दिशी तू ड्यूटीवर होता. ट्रॅक्टर नव्हता. हे पोरगी असीच तुडवत होती, अन् तुहा मोहित तिच्या पोटात होता. मी कुट्टी टाकत होती. तू दुसऱ्या दिशी सकाळी आला तवा खड्डा झाकला होता. तू ताडपत्रीवर वजनाले टायर ठेवले, बस!"

तेजराम चपापला. "मंग तिनं कधी सांगितलं कावून नाही?"

"ते गोष्ट सांगताना तुले लय खुशी होये म्हणून. इतकी वर्सं तिनं तुले मोठं होऊ देलं, अन् तुले तिचा एक दिवस पाहावला नाही!"

समोर अन्नपूर्णा गुडघा धरून थांबत होती, पुन्हा तुडवत होती. अरेरे, कसलं हे मन आपलं! तो उठला, ट्रॅक्टर सुरू केला.

"तू खड्ड्यातून वरतं ये," तो तिला म्हणाला. "कुठून दाबू, थे सांग."

संध्याकाळी ताडपत्री ओढून झाली. एका बाईने सहज विचारलं, "काका, तुमच्याकडचा पहिला खड्डा कोणी भरला होता?"

"हिनं, अन् मायनं," तेजराम मोठ्याने म्हणाला. "मी टायर ठेवले होते."

"थे बी वाकडे!" अन्नपूर्णा म्हणाली आणि सगळ्या खो खो हसल्या. तेजरामही हसला.

मंडळी, घरची कहाणी सांगताना बाईचे कष्ट वगळणं हीसुद्धा चोरीच आहे. बायकोचं नाव झालं म्हणून जळण्याआधी, आपण नुसते टायर तर ठेवले नव्हते ना, तेवढं आठवून पाहा!