जोडून की वेगळे

शिरीषरावांचं घोरणं ही सविताबाईंची अकरा वर्षांची मिळकत होती, आणि ती त्यांच्या मुलाने सिंगापुरात एका दुपारी क्लिनिकमध्ये नेऊन निकालात काढली.

घोरण्याचं एक बरं असतं. नवऱ्यापासून वेगळ्या खोलीत झोपायचं तर बाईला कारण लागतं, आणि सासर-माहेर कोणाचीच अब्रू न घालवणारं कारण शोधू गेलं तर घोरण्याशिवाय दुसरं हाताला लागत नाही. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सविताबाई मागच्या खोलीत झोपत. आल्यागेल्याला सांगत, "ह्यांचं इंजिन सुरू झालं की तावदानं वाजतात हो." आलेगेले हसत. त्यातल्या निम्म्या बायका हेव्याने हसत. शिरीषरावही हसत. आपल्या घोरण्याचा त्यांना, बहुतेक पुरुषांना असतो तसा, माफक अभिमान होता.

सिंगापुरात बुकित पंजांगला मुलाकडे आल्यावरही काही अडलं नाही. घरी पाहुणे आले की मराठी घरात माणसं भांड्यांसारखी मावतील तिथे लावली जातात. आजी नातीच्या खोलीत, आजोबा हॉलमधल्या सोफ्यावर. त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. फक्त शिरीषरावांच्या आवाजाने रुचिरची झोप मोडू लागली.

रुचिर एका बँकेच्या आयटीत मॅनेजर. अडचण दिसली की ती सोडवून बंद केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. अडचणीला स्वतःला सुटायचंय का, हे विचारायची पद्धत त्याच्या कामात नव्हती. त्याने बाबांना झोपेच्या डॉक्टरकडे नेलं आणि येताना एक मशीन आणलं. नाकावर मुखवटा, मुखवट्याला नळी, नळी खोक्यात, आणि खोक्यातून सगळी माहिती रुचिरच्या मोबाइलवर.

"आजोबा लुक लाइक एलिफंट, लाह," ऋचा म्हणाली. ती पाचवीत होती आणि मराठी समजून इंग्रजीत, सिंगापुरी 'लाह' जोडून, उत्तर द्यायची.

"सोंड आहे ती, पूजा कर," शिरीषराव म्हणाले आणि झोपी गेले. हॉलमध्ये शांतता पसरली. नातीच्या खोलीत सविताबाई ती शांतता ऐकत पडून राहिल्या.

सकाळी रुचिरने मोबाइल पुढे धरला. "आई, झोपेला शंभरपैकी चौऱ्याण्णव मार्क. बाबांना आख्ख्या शिक्षणात कधी पडले नसतील."

"अभिनंदन," सविताबाई म्हणाल्या आणि पोहे भिजवायला गेल्या.

हे सगळं क्रूझच्या आधी उरकायला हवं होतं, कारण क्रूझ हीच मूळ भानगड होती. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून रुचिर आणि त्याची बायको क्षिप्रा यांनी आईबाबांना पेनांग-फुकेटची सफर भेट दिली होती. भेट ही वस्तू अशी की घेणाऱ्याला विचारलं तर तिची मजा जाते. त्यामुळे विचारलं नव्हतं. दोन केबिन. एक ह्या तिघांची, दुसरी आईबाबांची, बाल्कनीवाली.

निघायच्या आदल्या रात्री जेवताना रुचिरने टीव्हीवर केबिनचे फोटो लावले. बाल्कनीवाल्या केबिनमध्ये एक भलाथोरला पलंग होता. त्यावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसले होते.

"हे काय?" सविताबाईंनी विचारलं.

"हंस. ॲनिव्हर्सरीवाल्यांना फुकट असतात."

"हंस कळले रे. झोपायचं कुठे?"

"हंस उचलून ठेवायचे, आई."

सविताबाईंनी पोळी मोडली. "मी काय म्हणते, ऋचाला आणि मला ही खोली द्या. समुद्र बघेल पोर. हे तुमच्यात झोपतील."

"तीन मोठी माणसं एका केबिनमध्ये? वरचा बर्थ भिंतीतून खाली येतो, त्याला शिडी आहे. बाबा शिडी चढणार?"

"मी चढेन," सविताबाई म्हणाल्या.

"अडुसष्टाव्या वर्षी?"

"तुमच्या केबिनमधे तो कोच आहे ना, तो मला द्या मग."

"आई, तो ऋचाचा आहे. आणि तुम्हाला दोघांना मिळून एक केबिन आहे, त्याचे पैसे भरलेत. आधी तू घोरण्याचं म्हणायचीस, ते ठीक होतं. आता तो प्रश्नच उरला नाही ना?"

शिरीषराव ताकाची वाटी तोंडाला लावून बसले होते. ती वाटी बरीच खोल असावी.

भांडी आवरताना क्षिप्राने आवाज खाली आणला. "आई, लाजताय का?" तिने प्रेमाने विचारलं. "काही नाही हो त्यात. इथे सत्तर-पंचाहत्तरचे लोक हातात हात घालून हिंडतात."

सविताबाईंनी चमचे पुसून एका दिशेला तोंड करून लावले. लाज ही एकच भावना सुनेला सुचावी, याचा राग धरण्यात अर्थ नव्हता. तिला दुसरं काही सुचणार तरी कसं? कोणी सांगितलंच नव्हतं.

बोट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटायची होती. सामान सकाळीच बंदरावर पोचवून मधल्या वेळात सिंगापूर दाखवायचं, असा रुचिरचा बेत होता. आईबाबा येऊन तीन आठवडे झाले तरी त्यांनी बुकित पंजांगचं सुपरमार्केट आणि क्लिनिक सोडून काही पाहिलं नव्हतं. एका दिवसात सगळं बसवायचं म्हणजे काही ठिकाणी नुसतं पोचून निघावं लागणार होतं. त्याला स्थलदर्शन म्हणतात.

मरलायनच्या पुतळ्यापाशी दगडी सिंह तोंडाने पाणी सोडत होता आणि त्याच्यापुढे जगातली निम्मी माणसं आ वासून ते पाणी फोटोत पीत होती. रुचिरने आईबाबांना उभं केलं. "जवळ या. अजून. बाबा, हात ठेवा ना आईच्या खांद्यावर."

शिरीषरावांनी हात ठेवला. बसमध्ये दांडीला ठेवतात तसा, ब्रेक लागला तर उपयोगी पडेल इतपत. सविताबाई कॅमेऱ्यात बघून हसल्या. फोटो उत्तम आला. तो त्याच मिनिटाला कोथरूड, नागपूर आणि न्यू जर्सीला गेला आणि तिन्हीकडून अंगठे आले.

लिटिल इंडियात केळीच्या पानावर जेवण झालं. सांबार, तीन भाज्या, वर आणखी भात. आणि तिथून एमआरटी मेट्रोने बेफ्रंटला उतरून सगळे त्या काचेच्या प्रचंड घुमटात शिरले, जिथे फुलांसाठी हवा थंड ठेवतात. बाहेर अंगाला शर्ट चिकटत होता, आत शाल हवीशी वाटत होती. रुचिर, क्षिप्रा आणि ऋचा फुलं बघायला पुढे गेले. शिरीषराव म्हणाले, "मी जरा टेकतो." पोटात भात, अंगावर गार वारा. बाकावर टेकल्या टेकल्या त्यांची मान मागे गेली आणि मुखवट्याविना, नळीविना, इंजिन सुरू झालं.

दोन चिनी म्हाताऱ्या वळून हसल्या. सविताबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारीही असाच भात होता. रविवार, मसालेभात, श्रीखंड. आवरून त्या आडव्या झाल्या होत्या. मोबाइल बंद पडला म्हणून स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. साताऱ्याहून भावाने, निशिकांतने, आधी त्यांना फोन लावला, मग शिरीषरावांना. "आईचं जरा जास्त आहे. ताईला घेऊन लगेच निघा." शिरीषरावांनी हो म्हटलं, फोन ठेवला, बायकोकडे पाहिलं. ती नुकती झोपली होती. तेव्हा तेही तिच्या शेजारी आडवे झाले. घोरले. चारला उठले, चहा झाला, आणि चहाचा कप खाली ठेवून त्यांनी सांगितलं, "साताऱ्याहून फोन होता. निघायला हवं."

गाडी साताऱ्यात शिरली तेव्हा आईला खाली घेतलं होतं. तासभर आधी गेली. शेवटपर्यंत शुद्ध होती, दाराकडे बघत होती, असं वहिनीने सांगितलं. वहिनीला वाटलं, ऐकून बरं वाटेल.

आईचं दिवसकार्य झालं आणि निशिकांतने विचारलं, "ताई, मी तर दोनलाच फोन केला होता. काही अडचण आली का?" सविताबाईंना तेव्हा कळलं. आणि कळल्याच्या पुढच्या क्षणी, कोणी न शिकवता, त्यांच्या तोंडून निघालं, "खंबाटकीला ट्रॅफिक लागलं रे." घाटात ट्रॅफिक लागणं ही अशी गोष्ट की तिची कोणी चौकशी करत नाही. नवरा वाचला.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं. ते म्हणाले, "अगं, तू नुकती आडवी झालेलीस. झोप मोडायचं जिवावर आलं. आणि जास्त आहे, जास्त आहे, हे त्यांनी आधीही दोनदा कळवलं होतं." ह्यात त्यांना खोटं काहीच वाटलं नाही. खोटं नव्हतंच. सविताबाईंनी उशी घेतली आणि मागच्या खोलीत गेल्या. "तुमच्या घोरण्याने झोप लागत नाही," म्हणाल्या. तेही खोटं नव्हतं. सगळं जाणून असलेला माणूस आपल्या शेजारी दोन तास घोरत होता, आणि आपल्याला त्या आवाजात छान झोप लागली होती. तो आवाज पुन्हा ऐकायची त्यांची तयारी नव्हती. मुखवटा लावून तो आवाज बंद केला, तर उरेल तो फक्त माणूस. त्याच्या शेजारी पाच रात्री हंस उचलून ठेवून कसं पडायचं?

"बाबांचा डोळा लागला वाटतं," रुचिर परत आला होता, मोबाइल हातात. "आई, बोटीच्या ॲपवर शेवटचं विचारतायत. बेड जोडून की वेगळे. जोडून करतो."

त्या पलंगाचे दोन भाग होतात, हे सविताबाईंना तेव्हा प्रथम कळलं.

"वेगळे," त्या म्हणाल्या.

"का पण?"

"रुचिर, वेगळे कर."

"आई, ॲनिव्हर्सरीची केबिन आहे. ते लोक हसतील."

घोरणं थांबलं होतं. शिरीषरावांनी डोळे उघडले, चष्मा सारखा केला. ते कधीपासून जागे होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळण्यासारखं नव्हतं.

"वेगळे कर," ते म्हणाले. "मला ते मशीन जमत नाही. गुदमरतं. मी ते बोटीवर वापरणार नाही."

"बाबा, चौऱ्याण्णव आहेत. रोज. मुखवटा एकदाही निघालेला नाही, इथे दिसतंय."

"तुझ्या मोबाइलला काय कळतं माझं गुदमरणं? काल म्हणत नव्हतो, आज म्हणतोय. ते खोकं बॅगेतच राहू दे. मी घोरणार. तुझ्या आईला त्रास होणार. कर वेगळे."

रुचिरने सुस्कारा टाकला. बापाच्या हट्टापुढे आकडे चालत नाहीत, हे त्याला मान्य करावं लागत होतं. त्याचं बोट पडद्याकडे गेलं. दोन मिनिटांत सगळं मिटलं असतं. वेगळा बेड मिळाला असता, आणि परत कोथरूडला गेल्यावर मागची खोली होतीच. शिरीषरावांनी बायकोकडे पाहिलंही नाही, इतक्या सफाईने त्यांनी ते घोरणं तिच्या ओंजळीत परत घातलं होतं.

सविताबाईंना हवं तेच झालं होतं, आणि आता त्यांना ते घेववेना. म्हणजे ह्या माणसाला खरं कारण माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं. सोय दोघांची होती.

"मशीन लावा बोटीवर," त्या म्हणाल्या. "मशीनचा काही दोष नाही. तरी बेड वेगळेच."

"मग कारण काय?" रुचिरने विचारलं.

"ह्यांना विचार."

"सविता," शिरीषराव म्हणाले. "इथे कशाला?"

"मग कुठे? कोथरूडला आपल्याला विचारणारं कोणी नाही."

क्षिप्रा ऋचाला घेऊन येत होती. सासूचा चेहरा बघून तिने पोरीला पुन्हा फुलांकडे वळवलं. "वी सॉ दॅट ऑलरेडी, लाह," ऋचाचं ऐकू आलं.

"साताऱ्याची आजी गेली तेव्हा," शिरीषराव मुलाशी बोलले, पण बघत होते समोरच्या निवडुंगाकडे, "फोन मला आधीच आला होता. मी हिला उठवलं नाही."

रुचिरला हे कुठल्या खान्यात टाकावं कळेना. "पण तेव्हा खंबाटकीला ट्रॅफिक लागलं होतं ना?"

"ट्रॅफिक नव्हतं," सविताबाई म्हणाल्या. "मी लावलं ते."

लाउडस्पीकरवरून एक बाई फुलांना हात लावू नका म्हणून गोड आवाजात सांगत होती.

"झोपू द्यावं म्हटलं," शिरीषराव म्हणाले. "वाईट हेतू नव्हता."

"मला कुठे म्हणायचंय होता म्हणून? हेतू वाईट असता तर मी तेव्हाच भांडले असते."

"चहा तूही घेतलास, अगं."

चहा घेताना तिला फोनचं माहीतच नव्हतं, हे बोलून गेल्यावर त्यांनाच कळलं असावं. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. बऱ्याच वेळानंतरही तो पुसून झाला नव्हता.

रुचिरने पडद्यावर बोट टेकवलं. बेड वेगळे झाले. अडचण बंद झाल्यावर त्याला एरवी जे वाटायचं, ते काही वाटलं नाही. तो आईच्या बाजूला बसला आणि त्याने केबिनचा नकाशा तिच्यापुढे धरला. "एक बाल्कनीकडे येतो, एक दाराकडे. तुला बाल्कनीकडचा सांगू? समुद्र दिसेल पडल्या पडल्या."

"फोन कुठे असतो?"

"कुठला फोन?"

"खोलीतला."

रुचिरने फोटो मोठा केला. "दाराकडच्या बेडशी."

"तो माझा."

"आई, त्या फोनवर बाहेरचा कॉल येत नाही. फक्त चहाबिहा मागवायला असतो."

"असू दे," सविताबाई म्हणाल्या. शिरीषराव चष्मा पुसत राहिले.