‘सोड’ म्हटलं की

रेगचा हात चालला की आमच्या छोट्या विमानांच्या क्लबातल्या पुरुषांना अचानक चहाच्या थर्मासमध्ये काहीतरी शोधायचं असायचं. गेल्या रविवारी त्यानेच घाईत नाक खाली दाबून आपलं रिमोटवर उडणारं खेळण्यातलं विमान, ऑटोजायरो, गवतात पाडलं आणि त्याच्याच मोडक्या दांड्याने ग्वेनच्या मनगटावर मारलं. ग्वेन त्याची बायको, माझी धाकटी बहीण. मी धावून गेले, तर ग्वेननेच मला अडवलं.

त्या खेळण्याचं इंजिन फक्त नाकावरचा पंखा फिरवतं; डोक्यावरची पाती वारा फिरवतो. म्हणून ग्वेन ते दोन्ही हातांनी उंच धरून वाऱ्याला सामोरी उभी राहायची. पात्यांनी वेग घेतला की तळव्यांना कळतं, मग सोडायचं. आधी सोडलं तर ते डावीकडे उलटतं, दर वेळी डावीकडेच. रेग भलता उतावळा. तो लवकरच ‘सोड’ म्हणायचा, ती जरा थांबायची आणि विमान सुरेख उडायचं. टाळ्या रेगला. थांबल्याबद्दल घरी मार ग्वेनला.

या रविवारी नॉरफकच्या माळावर वारा बोचरा होता. नवा दांडा, नवी पाती.

“सोड!” रेग ओरडला.

ती थांबली, मग सोडलं. विमान छान फेरी मारून उतरलं. रेग चालत आला आणि सगळ्यांदेखत त्याने तिच्या कानाखाली वाजवली. चष्मा उडाला, ओठ फुटला.

“बहिरी आहेस का? मी सोड म्हटलं की सोडायचं! तुझी अक्कल कोणी मागितली?”

“जाऊ दे रे रेग,” अध्यक्ष सिरिल कप फुंकत म्हणाले. “बायकांना वेळ लागतो या गोष्टींना.”

तो कप त्यांच्या टकलावर फोडावासा वाटला मला. “ग्वेन, गाडीत बस,” मी म्हटलं. “माझ्याकडे खोली रिकामी आहे. चल.”

“थांब गं ताई.” तिने बाहीने रक्त पुसलं. “एवढं एक उड्डाण होऊ दे.”

रेग नेहमीसारखा तिच्या डावीकडे, दोन पावलं पुढे उभा राहिला. पुढचा पंखा किंचाळत होता, पण वरची पाती आळसावलेली. मला लांबूनसुद्धा एकेक पातं वेगळं दिसत होतं.

“सोड!”

तिने सोडलं.

ते उलटलं ते थेट त्याच्या तोंडावर. त्याने उजवा हात आडवा घातला आणि पंख्याने दोन बोटं नेली. गाल कानापर्यंत फाटला. तो गवतात लोळत होता, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

“का सोडलंस, भवाने?”

“तू सोड म्हणालास म्हणून.”

सिरिल टॉवेल घेऊन धावले. ग्वेनने गवतातून चष्मा शोधला, पुसला आणि माझ्या गाडीत येऊन बसली.

“ताई, त्या खोलीला आतून कडी आहे ना?”

“आहे,” मी म्हटलं. नव्हती. वाटेत दुकानासमोर गाडी थांबवून मी कडी घेतली.