एकदाच विचारायचं

अगं ऐका तर, काल उमामावशीकडं जे झालं ते सांगते, पण मधी बोलू नका, न्हायतर माझं राहून जातंय. गौरे, तू तर बिल्कुल न्हाय.

शिष्यवृत्तीचं पक्कं झाल्यापासनं मी निम्मी इंग्लंडलाच राहायला लागले, तुम्हाला म्हाईतच हाय. विमान पुढच्या आठवड्यात, पण आपल्या बेंबळी गावातनं मी कधीच निघाले. व्हिडिओ बघून बघून सगळं पाठ. तिथं कुणी रांग मोडत न्हाय. न सांगता कुणाच्या घरी जात न्हाय. चूक कुणाचीबी असू दे, सॉरी दोघंबी म्हणतेत. परवा एसटीत चढताना एका म्हाताऱ्यानं माझ्या पायावर पाय दिला, तर मीच सॉरी म्हणले! म्हातारा म्हणतोय, "काय झालं गं पोरी, बरी हायस ना?"

हसा, हसा.

तर बुद्धघोषदादाचा व्हिडिओ कॉल आला. ईट गावचा, आमच्या नात्यातला, मी चाललेय त्याच लीड्सला शिकतोय. मागं आई सुपात ज्वारी निवडत बसलेली. दादा सांगत होता, गेल्या गेल्या एका सरांनी घरी जेवायला बोलावलं. मॅडमनी विचारलं, आणखी घेणार का? दादा आपला सवयीनं म्हणला, नको, बास. मॅडम म्हणल्या, बरं. आणि भांडं उचलून आत! दादा वाट बघतोय, आता परत विचारतील, आता विचारतील. कोण विचारतंय! रूमवर येऊन बिस्किटं खाऊन झोपला बिचारा.

मी पोट धरून हसले. मागं बघते तर आईचे हात थांबलेले.

"एकदाच विचारतेत?"

"व्हय काकू, एकदाच. आपण नको म्हणलं की त्यांना खरंच वाटतंय."

कॉल बंद झाला तरी आई सूप मांडीवर घेऊन तशीच. मग म्हणली, "प्रीती, तू तर उपाशी मरशील."

"आई, मी काय कुक्कुलं बाळ हाय का?"

"पहिल्यांदा विचारल्यावर जन्मात कधी व्हय म्हणलीस का? अमरदीपला कमी पडंल म्हणून नको. पाहुणे आले म्हणून नको. पोटात भूक असली तरी नको. मला काय दिसत न्हाय व्हय?"

अगं, मला वाटायचं तिला म्हाईतच न्हाय.

"तुझ्या तोंडातनं 'व्हय, वाढा' निघंस्तोवर म्या तुला विमानात बसू देणार न्हाय."

पप्पा म्हणले, "अगं चांगुणा, तिकीट काढलंय तिचं..."

"मग तुम्ही जा त्या तिकिटावर."

झालं. आमच्या घरात इंग्लंड सुरू! आई विचारणार, "भाकरी?" माझ्या तोंडातनं आपोआप, "नको." की टोपली झाकली. "भात?" "नको." पातेल्यावर झाकण. आणि ते अमऱ्या माझ्या म्होरं मुद्दाम मचमच करत खाणार, "ताई, आर यू ओके?" मी ठरवून बसायचे, आज व्हय म्हणायचंच. तोंड उघडलं की नको बाहेर! एकदा पाणी प्यायला उठले, तर आई मागच्या दाराआड उभी. हातात माझ्या वाटणीची भाकरी. ना मला देतीय, ना स्वतः खातीय.

आणि काल शेजारी उमामावशीकडं जेवण. आई सकाळीच जाऊन सांगून आली, एकदाच विचारायचं, आग्रह केलात तर माझी शपथ. आता मावशी कशी हाय बघा, लाईटबिल द्यायला आलेल्यालाबी जेवू घातल्याशिवाय सोडत न्हाय! तिला असली शपथ!

शेंगापोळ्या केलत्या. वर तुपाची धार. माझी एक पोळी झाली. मावशी दुरडी घेऊन आली, "प्रीती, आणखी वाढू?"

"नको, मावशी."

गेलं तोंडातनं! मावशीचा हात तसाच वर. तिनं आईकडं बघितलं, आई ताटाकडं बघत होती. मावशी मुकाट्यानं वळली आणि आत गेली.

मावशीचे शंकरप्पाकाका तापलेच, "अगं, ही काय पाहुणचाराची तऱ्हा! पोरगी परदेशी चाललीय, दुसऱ्यांदा विचारायला काय जातंय?"

"शपथ घातलीय चांगुणानं!" आतनं मावशीचा रडका आवाज.

आई नुसती आमटीत बोट फिरवत होती. घास न्हाय तोंडात. आणि मला एकदम कळलं गं, हिला ताटात आमटी दिसतच न्हाय. हिला ती तिकडची खोली दिसतीय, आणि खोलीत बिस्किटाचा पुडा घेऊन बसलेली मी.

मी ओरडलेच, "मावशी, मला आणखी एक पोळी पाहिजे!"

दुसऱ्याच्या घरी! मागून! तेबी ओरडून! काका चावायचं विसरले. मावशी पळतच आली आणि ताटात थप्पीच टाकायला लागली.

"एकच मागितलीय तिनं," आई म्हणली. "उमाबाई, एकच द्या." आवाज एकदम कडक, आणि डोळे भरून वाहायलेत.

मावशीनं तीन उचलून घेतल्या परत. "तूप?"

"व्हय, वाढा."

"आमटी?"

"व्हय!"

मला तर जोरच आला. काकांनी पाणी विचारलं, त्यालाबी व्हय, पेला भरलेला असताना!

मग मावशी आईकडं वळली, "चांगुणा, तुला गं पोळी?"

"नको नको, मला बास."

आणि मावशी दुरडी घेऊन सरळ आत! काका असे हसले, असे हसले, ठसकाच लागला. आई नुसत्या आमटीच्या ताटाकडं बघतच राहिली. माझ्यापायी तिचंबी जेवणावरचं मन उडालेलं ना इतके दिवस.

मी माझी पोळी मोडली आणि निम्मी तिच्या ताटात टाकली. विचारलं न्हाय.

"तुपाची बाजू तुझ्याकडं ठेवायची की येडे," म्हणली, आणि खायला लागली. घास तोंडात तसाच, मान खाली, मला म्हणती, "ते जाड स्वेटर भरलंस का बॅगेत?"