परतीची लाइन

या, जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलेत त्यांनीही पुढे या, उगाच मला आवाज चढवायला लावू नका. पाय लांब केलेत तरी चालेल, आज गोष्टच पायाची आहे. ती पायापासून निघून हृदयापर्यंत जाईल आणि तुम्हाला घरी सोडेल, एवढा शब्द देतो.

एका मोठ्या इमारतीच्या तळघरात पंप सांभाळणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना पंपकाका म्हणत. तळघरात पाणी तापायचं, पंप ते वर ढकलायचा, खोल्याखोल्यांना ऊब देत ते फिरायचं आणि निवलं की दुसऱ्या पाइपाने पुन्हा खाली यायचं, पुन्हा तापायला. काकांची उमेदीची सारी वर्षं त्या पंपासमोर उभं राहण्यात गेली. उभं म्हणजे अक्षरशः उभं. तळघरात खुर्ची होती, पण तिच्यावर कायम ओली फडकी वाळत पडलेली.

आधी संध्याकाळी पाय जड व्हायला लागले. मग पोटरीवर निळ्या गाठी उमटल्या. मग घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली, चिवट झाली, खाजायला लागली. काकांनी कुणालाही सांगितलं नाही. एक दिवस हत्यारांच्या पेटीचा कोपरा तिथे घासला. एवढंसं खरचटलं, पण ते भरेना. त्याची जखम झाली आणि ती पाझरायला लागली. पाणी, नुसतं पाणी. मोजा भिजायचा, चप्पल भिजायची. तेव्हा कुठे काकूंनी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं.

मोठ्या डॉक्टरांनी पावलावर एक छोटं यंत्र टेकवलं. आतून ठोक्यांचा आवाज आला.

"रक्त पायात छान पोचतंय," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे पट्टी घट्ट बांधायला हरकत नाही. पट्टी सोडायची नाही, रोज चालायचं, बसलात की पाय वर. जखम खोल गेली, हाडापर्यंत पोचली, तर पाय वाचेलच असं सांगता येणार नाही. बाकी सिस्टर समजावतील."

आणि सिस्टर समजावायच्या. बाबांनो, काय समजावायच्या! ड्रेसिंगच्या खोलीत पेशंट उंच बाकावर, स्टूल एकच, त्यावर त्याचा पाय. त्या स्वतः वाकून उभ्या. जखम धुवायची, मलम लावायचं, मग बोटांच्या मुळापासून पट्टी सुरू. घोट्याशी घट्ट, वर जाईल तशी हलकी, गुडघ्याच्या खाली संपली. हात चालू आणि तोंडही चालू.

"हे बघा काका, हृदय तुमच्या मुठीएवढं. पण त्यात दोन पंप. उजवा रक्त फुप्फुसांकडे धाडतो, तिथे ते प्राणवायू घेतं. डावा तेच रक्त सगळ्या अंगाला धाडतो. जाड धमनीतून निघतं, तिला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे, होता होता केसाहून बारीक नळ्या. तिथे एकेका पेशीला तिचा वाटा मिळतो. असं करत करत रक्त खाली खाली, पार तुमच्या बोटांपर्यंत येतं."

ऐकताना आपलेच हात जोडले जावेत. जन्माच्या आधी सुरू झालेला पंप, एकदाही सुट्टी न घेता चालतो, आणि आपण त्याच्या मालकाला साधं धन्यवादही म्हणत नाही. पण ते असो. सिस्टर बोटांपर्यंत पोचेस्तोवर पट्टी बांधून झालेली असायची, दार उघडायचं आणि बाहेरून हाक यायची, "सिस्टर, पुढचा पेशंट!" काका उतरायचे.

पुढच्या खेपेला जखम तेवढीच. त्याच्या पुढच्या खेपेला मोठी.

"पट्टी सोडलीत का?"

"छे!"

"चालता का?"

"हो, हो."

काकू छताकडे बघायच्या. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

सिस्टरनी मलम बदललं, पट्टीची जात बदलली. स्वतःच्या हाताला दोष दिला, मग कापसाला दिला, मग हवेला. बाकीच्यांच्या जखमा भरत होत्या. हीच एक मेली हट्टाला पेटल्यासारखी. घरी भाजी चिरताना डोक्यात तीच जखम. आणि मग एकदा त्यांना गुडघ्याच्या खाली एक वळ दिसला. गोल, खोल, जांभळा.

"हे काय आहे?"

"मोज्याची खूण."

"असला कसला मोजा? लोखंडाचा?" सिस्टरनी चिमटा ट्रेमध्ये आपटला. "काका, इतके दिवस घसा कोरडा करतेय मी. भिंतीशी बोलत होते का?"

"भिंतीतूनसुद्धा पाइप जातात, सिस्टर," काका म्हणाले.

त्यांना वाटलं, बाई हसेल. बाई हसली नाही. तिने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी जखमेच्या लाल कडा बघितल्या, काकांच्या तोंडाकडे न बघता हात धुतले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी हेच असेल, तर पायाबद्दल वेगळं बोलावं लागेल."

पुढच्या वेळी काका आलेच नाहीत.

सिस्टरना आधी हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याचा राग आला. तेवढ्यात काकू एकट्याच दारात उभ्या राहिल्या. "पट्ट्या द्या, मी घरी बांधते. ते येत नाही म्हणतात. पाय कापायचाच असेल तर उगाच धुवायचा कशाला, असं बोलतात हो." आणि पदराआड रडायला लागल्या.

सिस्टरनी जेवणाची सुट्टी घेतली, डबा तसाच ठेवला आणि काकूंबरोबर निघाल्या.

घर दोन खोल्यांचं. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत काका, पाय खाली लोंबकळत. पायाखाली पसरट भांडं, पाझरेल ते झेलायला. दवाखान्यातली पट्टी धुऊन, सुरेख गुंडाळून फळीवर ठेवलेली. आणि गुडघ्याच्या खाली, हत्यारांच्या पेटीला असतो तसा जाड कापडी पट्टा, बकलाने करकचून आवळलेला.

"अगंबाई," सिस्टर म्हणाल्या.

"आता पकडलंतच तर सांगतो," काका गुरगुरले. "तुमच्या पट्टीने काही होत नाही. गळती दिसली की पहिलं काय करायचं? वरचा कॉक बंद. मग खालचं काम. आमच्यात कालचं पोरगंसुद्धा हे जाणतं. आणि चालू मशीनला हात लावायचा नाही. म्हणून चालणंही बंद."

"म्हणजे हा पट्टा..."

"कॉक!"

"कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?"

"तुम्हीच."

"मी?" सिस्टरचा आवाज एवढा चढला की शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. "मी सांगितलं?"

"दर वेळी सांगता. पाठ आहे मला." आणि काकांनी मूठ वळली, अगदी सिस्टर वळायच्या तशी. "हृदय मुठीएवढं. त्यात दोन पंप. उजवा फुप्फुसांकडे, डावा अंगाला. जाड धमनी, फाटे, फाट्यांना फाटे, केसाहून बारीक नळ्या. खाली खाली, पार बोटांपर्यंत."

"बरोबर. मग पुढे?"

"पुढे काय?"

"बोटांपर्यंत आलं. त्याच्या पुढे मी काय सांगते?"

"पुढे तुम्ही म्हणता, चला काका, उतरा."

काकू रडता रडता फिसकन हसल्या. सिस्टर मात्र काकांच्या खुर्चीपाशी खाली बसल्या. खरंच होतं की. दर वेळी कथा हृदयापासून सुरू, दर वेळी कथा बोटांपाशी आली की पट्टी संपायची, दर वेळी दार उघडायचं. निम्मी कथा काकांच्या कानावर कधी पडलीच नव्हती. आणि काकांच्या हिशेबाने वरून खाली येणाऱ्या पाण्याची गळती वरूनच बंद करायची असते.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमच्या इमारतीत पाणी वर जातं, खोल्यांतून फिरतं. मग?"

"मग रिटर्न लाइनने परत. नाहीतर पंप ढकलणार काय, डोंबल?"

"त्या रिटर्न लाइनवर कॉक बंद केला तर?"

"कोण गाढव करेल? मागचं सगळं तुंबेल. सांध्यासांध्यातून पाणी..."

काका थांबले. त्यांनी पायाकडे बघितलं. भांड्यात टप्पकन एक थेंब पडला. त्यांचा हात आपोआप बकलावर गेला.

पण माणूस आयुष्यभर पंपापाशी उभा राहिलेला. एवढ्यावर ऐकतो होय? बकल सोडता सोडता म्हणाले, "थांबा. आमची रिटर्न वरून खाली येते, आपोआप. इथे बोटांपासून वर चढवायचंय. कोण चढवणार? हृदय?"

"हृदयाचा जोर त्या बारीक नळ्यांतून येता येता संपत येतो. पायातलं रक्त पोटरी चढवते. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, आतली शीर दाबली जाते, रक्त वर सरकतं. पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरेत जागोजागी झडपा."

"नॉन-रिटर्न?"

"एका बाजूलाच उघडणाऱ्या. तुमच्या त्या ढिल्या झाल्यात. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की रक्ताचा सगळा भार त्यांच्यावर. मग रक्त घोट्याशी साचतं, शिरा फुगतात, पाणी कातडीत उतरतं. म्हणून पट्टी खालून वर. शिरेला बाहेरून आधार. म्हणून चालायचं. म्हणून पाय छातीपेक्षा वर, म्हणजे उतारच हृदयाकडे."

काका एकदम भडकले. "म्हणजे मी पोटरीचा पंप बंद करून, रिटर्नवर कॉक आवळून बसलो होतो! आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"आणि तुम्ही एकदा तरी विचारलंत का?"

"विचारणार केव्हा? तुमचं ते दार कधी बंद असतं का?"

"दार माझ्या हातात आहे का?"

"मग काय माझ्या?"

"भांडून झालं असेल," काकू मधेच म्हणाल्या, "तर पट्टी कशी बांधायची ते दाखवा. मी हात धुतलेत."

आता तुम्हाला वाटेल, झालं, जखम भरली, आरती म्हणा. इतकं सोपं असतं तर मी तुम्हाला जवळ का बोलावलं असतं? जखमेने भरता भरता जीव खाल्ला. काका व्हरांड्यात येरझाऱ्या घालून वैतागले, पायाखालच्या उशा मोजून वैतागले, आणि काकू त्यांचं वैतागणं ऐकून वैतागल्या. एक कड गुलाबी व्हायची तोवर दुसरी पुन्हा ओलावायची. पण पाझर कमी होत गेला. भांडं स्वयंपाकघरात परत गेलं. डॉक्टर पायाबद्दल वेगळं काही बोलले नाहीत. शेवटी एकदा जखमेवर कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी धरली. आता जन्मभर घट्ट मोजे आहेतच, आणि रोज सकाळी ते चढवताना काकांची कुरकुरही आहेच. तळघरात ते हल्ली पंपाभोवती फेऱ्या मारतात. आवाज ऐकायला उभं राहायची गरज नसते म्हणे.

सिस्टरनी कथेची सुरुवात बदलली. आता त्या बोटांपासून सुरू करतात आणि वर वर जातात. दार तर उघडतंच, मग हृदय राहून जातं. राहू दे. हृदयाची बाजू घेणारे जगात पुष्कळ आहेत. पोटरीला कोण विचारतं?

शेवटच्या खेपेला काका बूट घालत होते. सिस्टर ट्रे पुसायला वळल्या आणि काकांची नजर त्यांच्या पायांवर गेली. घोटे सुजलेले, पोटरीवर निळी गाठ.

"सिस्टर, दिवसभर उभ्याच असता?"

"मग काय आडवी होऊ? बाहेर रांग बघितलीत?"

"तुमच्या झडपा काय वेगळ्या कारखान्यातून आल्यात का? पाय ठेवा त्या स्टुलावर."

"काका, वेळ नाहीये मला!"

दार उघडलं. "सिस्टर, पुढचा..."

"जरा दम धरा!" काका बसल्या जागेवरून ओरडले. "माझी नाडी बांधून व्हायचीय."

सिस्टर चिडल्या, पुटपुटल्या, पण पाय स्टुलावर गेला. आणि काकांनी बुटाची नाडी बांधायला घेतली. बांधली, सोडली, पुन्हा बांधली. गाठ वाकडी आली म्हणून पुन्हा सोडली. बाहेरचे खोकत होते. काकांना घाई नव्हती.

चला, मीही तुम्हाला फार वेळ अडवत नाही. पाय आखडले असतील, उठून दोन पावलं चाला. फक्त आज झोपताना पाय उशीवर ठेवाल तेव्हा देवाचं नाव घ्या, आणि त्याच्या पाठोपाठ त्या सिस्टरची आठवण काढा. ती उद्या सकाळी पुन्हा उभीच असणार आहे, आणि नाडी सावकाश बांधणारा माणूस काही रोज येत नाही.