कडी काढण्याआधी

माधवरावांच्या घराची बेल वाजली की आधी बंदुकीचा आवाज यायचा आणि मग कडीचा. निवेदिताला तो क्रम पाठ झाला होता. पलंगाखालून एकनळी ओढली जायची, तिचा दस्ता फरशीला घासायचा, नळी मोडून काडतूस आत सरकायचं, खटकन नळी बंद व्हायची, आणि मग बाबांचा कोरडा प्रश्न यायचा, "कोण?"

परभणीत वसमत रस्त्याकडच्या एका कॉलनीत त्यांचं चार खोल्यांचं घर. माधवराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. निवेदिता त्यांची एकुलती एक मुलगी, छत्तीस वर्षांची, खाजगी शाळेत मराठी शिकवणारी. बंदूक आजोबांच्या वेळची. शेतात रानडुकरं यायची म्हणून घेतलेली. परवाना पुढं बाबांच्या नावावर झाला, पण चाळीस वर्षं ती कपाटाच्या तळाशी जुन्या धोतरात गुंडाळून पडली होती. ती बाहेर निघाली मल्हारी सुटला त्या दिवशी.

त्याच्या आधीची गोष्ट अशी. अडीच वर्षांपूर्वी एका दुपारी दोन माणसं गॅसची नळी तपासायला आलो म्हणून दारात उभी राहिली. माधवरावांनी दार उघडलं, "या, बसा" म्हणाले. पुढच्या पाच मिनिटांत त्यांना न्हाणीघरात कोंडलं गेलं आणि निवेदिताच्या आईच्या, अंबिकाबाईंच्या, गळ्यातलं ओरबाडताना त्या स्वैपाकाच्या ओट्याच्या कडेवर आदळल्या. खुब्याचं हाड मोडलं. चार महिने अंथरुणात काढून त्या गेल्या. निवेदिता त्या वेळी शाळेत होती.

"चेहरे बघितले का?" असं पोलिसांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "एकाचा ओळखीचा वाटला. पण कुठं बघितला ते आठवत नाही." रात्रभर ते तेच म्हणत राहिले. पहाटे निवेदिताच बोलली.

"बाबा, मागच्या मोकळ्या प्लॉटवर मेंढ्या चारायला येतो तो नसेल? झरीचा, मल्हारी. उन्हाळाभर आपल्याकडं पाणी मागायला यायचा. त्याला घर माहीत आहे."

बाबांनी खिडकीतून त्या प्लॉटकडं बघितलं. मग म्हणाले, "असेल."

"असेल नाही. तोच असणार. नीट आठवा."

ओळख परेडच्या दिवशी माधवरावांनी रांगेतल्या मल्हारीच्या खांद्यावर हात ठेवला. तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होताच. उन्हाळाभर त्यांनीच तर त्याला तांब्या भरून दिला होता.

मल्हारी एकोणीस महिने आत राहिला. मग खटला उभा राहिला तेव्हा वालूरच्या जनावरांच्या दवाखान्यातली वही कोर्टात आली. त्या दिवशी, त्याच वेळी, तो तिथं मेंढ्यांना लस टोचून घेत होता. वहीत त्याचा अंगठा होता, डॉक्टरची साक्ष झाली. मल्हारी निर्दोष सुटला. खरे दोघं कधी सापडलेच नाहीत.

निकाल ऐकून आल्यावर माधवरावांनी कपाट उघडलं, धोतर सोडलं, आणि बंदूक पुसायला घेतली.

"कशाला आता?" निवेदितानं विचारलं.

"तो येणार," बाबा म्हणाले. "त्याच्या जागी मी असतो तर मीही आलो असतो."

तेव्हापासून घरी कुणी यायचं बंद झालं. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून जायचा. पार्सलवाली पोरं कोपऱ्यावरून फोन करायची. निवेदिताच्या शाळेतली सुकेशनी एकदा पेपरांचा गठ्ठा द्यायला आली, तर दार उघडलं आणि नळी तिच्या छातीपासून वीतभर. सुकेशनीच्या हातातून गठ्ठा सुटला. तिनं तो उचललाही नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ती एवढंच म्हणाली, "तुमच्या घरी माझं लेकरू घेऊन आले असते तर?" आणि जागा बदलून खिडकीपाशी जाऊन बसली.

त्या संध्याकाळी बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं.

"तुम्हाला भीती चोराची नाही, बाबा. तुम्ही ज्याला अडकवलं त्याची आहे."

"मी अडकवलं?" बाबांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "आणि नाव कुणी सांगितलं होतं?"

"मी सांगितलं. पण शपथेवर तुम्ही बोललात."

"तू आईसाठी बोललीस, मीही तुझ्या आईसाठीच बोललो. आता जेव."

जेवण कुणीच केलं नाही. त्यानंतर दोघं एका घरात राहून कामापुरतं बोलू लागले. भाजी आणली का. दिव्याचं बिल आलं. दाराला कडी लाव.

निवडणूक लागली तसा परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा आदेश निघाला. माधवरावांनी नोटीस वाचून घडी करून ठेवून दिली. शेवटी मुंजाजी नावाचा हवालदार स्वतःच आला. बेल वाजली, दस्ता घासला, नळी खटकली, दार उघडलं. मुंजाजी नळीकडं बघत शांतपणे म्हणाला, "साहेब, हीच न्यायला आलोय. आधी काडतूस काढा." पावती देऊन तो बंदूक घेऊन गेला. जाताना निवेदिताला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, अशी भरलेली बंदूक घेऊन दार उघडायलेत हे मी वर लिहून देणार हाय. परत मिळंल असं धरून चालू नका."

निवेदिताला वाटलं, सुटलो. चार दिवसांनी ती झाडू मारत होती तर दाराच्या फळीमागं काही तरी पडलं. नवा कोयता होता. लोहाराकडून पाजळून आणलेला, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. तिनं तो उचलून माळ्यावर टाकला. संध्याकाळी तो परत दारामागं होता.

रविवारी अकराच्या सुमारास ती स्वैपाकघरात मेथी निवडत बसली असताना बेल वाजली. बाबा उठले. "कोण?" बाहेरून उत्तर आलं नाही. कडी निघाली. मग इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की ती मेथी टाकून बाहेर आली.

पायरीवर मल्हारी उभा होता. केस बारीक कापलेले, पांढरा सदरा, हातात प्लास्टिकची फाईल. एकोणीस महिन्यांत माणूस अर्धा झाला होता. बाबांचा उजवा हात दारामागं होता.

"ओळखलं का?" मल्हारी म्हणाला.

बाबांनी दुसऱ्या हातानं चौकट धरली.

"न्हाई, मागं बरोबर ओळखलं होतं तुमी. म्हणून इचारलं."

"काय पाहिजे?"

"झरीला चला माझ्यासंगं. चार माणसात उभं राहून सांगा की माझं चुकलं. बाकी काय नको मला." त्यानं फाईल वर धरली. "कोर्टाचा कागद हाय. पण कागद कोण वाचायलंय? गावात मी अजून म्हातारीला मारणाराच हाय. हापशावर माझ्या आईशी बाया बोलंनात. बहिणीचं, शालूचं, जमलेलं लगीन मोडलं. पोरीचा काय गुन्हा त्यात?"

"मला जे दिसलं ते मी सांगितलं. निघ इथून."

"दिसलं?" मल्हारीनं एक पाय उंबऱ्यावर ठेवला. "माझ्याकडं बघा अन् परत म्हना. तुमाला मी दिसलो?"

"पाय काढ."

"म्हना की."

बाबांचा हात दारामागून निघाला. निवेदिता "बाबा" म्हणाली. कोयता वर गेला तो खाली यायच्या आत मल्हारीनं धरला. मूठ धरायला गेला, पातं हातात आलं. एका हिसड्यात त्यानं तो काढून घेतला. त्यात फार जोर लागला नाही. माधवरावांच्या मनगटात जोर उरलाच नव्हता. ते मागं खुर्चीवर कोसळले, खुर्ची भिंतीला आपटली.

समोरच्या घराच्या गच्चीवरून योगीराजनं ते बघितलं. म्हणजे त्यानं जे बघितलं ते एवढंच, की माधवरावांच्या दारात कोयता घेतलेला माणूस उभा आहे आणि म्हातारा मागं कोसळलाय. तो ओरडला आणि ओरडता ओरडता मोबाईल काढून शूटिंग करायला लागला.

मल्हारीनं मान वळवून मोबाईलकडं बघितलं. मग हातातल्या कोयत्याकडं. तळहातातून रक्त निथळत मुठीवर उतरत होतं.

"बघा," तो निवेदिताला म्हणाला. "झालं परत."

तो पळाला असता तर पळू शकला असता. गल्ली मोकळी होती. त्यानं कोयता दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवला, सदऱ्याचं टोक हाताला गुंडाळलं आणि पायरीवर बसून राहिला. पाचसहा जण धावत आले. एकानं कॉलर धरली, दुसऱ्यानं थोबाडात दिली. मल्हारीनं हात उचलला नाही. निवेदिता दारात उभी होती. तिला बोलायचं होतं, तिला माहीत होतं काय बोलायचं ते, आणि तरी पहिली थप्पड झाली, दुसरी झाली, तिसरीला त्याचा ओठ फुटला, तोवर ती बोलली नाही. ते नंतर तिला कुणी विचारलं नाही, पण तिनं स्वतःशी मोजलं होतं.

"सोडा त्याला," ती शेवटी म्हणाली. "कोयता आमचा आहे."

कुणी ऐकलं नाही. तिनं पुढं होऊन कॉलर धरणाऱ्याचा हात झटकला. "कोयता आमचा आहे, सांगते ना. बाबांनी उगारला. यानं काढून घेतला."

आतून बाबांचा आवाज आला. "ती घाबरलीय. तो मारायला आला होता."

ठाण्यात दोघांचे जबाब वेगवेगळे झाले. माधवरावांनी मारायला आला म्हणून लिहून दिलं. निवेदितानं जे घडलं ते सांगितलं. मुंजाजीनं सही घ्यायला कागद पुढं केला तेव्हा ती म्हणाली, "आणखी एक लिहा. मागच्या केसमध्ये बाबांना ओळख पटली नव्हती. मल्हारीचं नाव मी त्यांच्या डोक्यात घातलं."

मुंजाजीनं पेन थांबवलं. "ताई, ती केस संपली. कशाला अंगावर घेता?"

"लिहा."

त्यानं लिहिलं.

मल्हारीच्या हाताला सात टाके पडले. म्हाताऱ्याविरुद्ध तक्रार देणार का म्हणून त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला कोर्टाची पायरी नको आता." ठाण्याच्या आवारात लिंबाखाली तो पांढरी पट्टी धरून बसला होता. निवेदिता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा येणार नाहीत. मी येते झरीला."

"तुमी कशाला? मला त्यांनी वळखलं."

"नाव मी सांगितलं होतं. बाबांना आठवत नव्हतं. तोच असणार, असं मीच म्हणाले."

मल्हारी तिच्याकडं बघत राहिला. एकोणीस महिने त्यानं एका म्हाताऱ्याचा राग धरला होता, आणि तो राग आता कुठं ठेवायचा ते त्याला कळेना. तो बाजूला थुंकला. फुटलेल्या ओठाचं रक्त होतं त्यात.

"मग तुमीच या," तो म्हणाला. "येत्या रविवारी. अन् ताई म्हणून कुणी खुर्ची देईल असं समजू नका."

खुर्ची कुणी दिली नाही. रविवारी ती काळीपिवळी जीपनं झरीला उतरली तेव्हा देवळासमोर पंचवीसतीस माणसं जमली होती. बायका वेगळ्या, भिंतीकडेला. त्यांच्यात मल्हारीची आई कासाबाई डोईवरचा पदर घट्ट धरून बसली होती, तिच्याशेजारी शालू. निवेदिता वर्गात रोज चाळीस मुलींपुढं बोलायची, पण इथं तिचा आवाज लागेना. ती म्हणाली, "माझी आई गेली, त्यात मल्हारीचा काही हात नव्हता. तो त्या दिवशी वालूरला होता. बाबांना चेहरा आठवत नव्हता. मी त्याचं नाव घेतलं, कारण तो आमच्या दारात यायचा, एवढंच."

मागं कुणी तरी बिडी पेटवली.

"मोठ्यानं," मल्हारी म्हणाला. तो देवळाच्या खांबाला टेकून उभा होता, पट्टीचा हात छातीशी धरून. "बायांकडं ऐकू गेलं न्हाई. तिकडं तोंड करून सांगा."

ती भिंतीकडं वळली आणि सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, मोठ्यानं. सांगून होईपर्यंत कासाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही. झाल्यावर ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"एकुणीस म्हैने," ती शेजारच्या बाईला म्हणाली, निवेदिताला नाही. मग शालूचा हात धरून ती घराकडं निघाली. त्या शेजारच्या बाईनं क्षणभर इकडंतिकडं बघितलं, आणि उठून तिच्यासोबत चालू लागली.

मल्हारी खांबापासून हलला. निवेदिताच्या जवळून जाताना तो थांबला नाही. "गाडी तीनला हाय," तेवढं म्हणाला. "चुकली तर उभं राहावं लागंल."

घरी पोचायला तिला साडेचार झाले. तिनं बेल वाजवली. "कोण?" बाबांनी विचारलं.

"मी."

कडी निघाली. कोयता पोलिसांकडं होता, म्हणून बाबांच्या हातात आज अंगणातली पहार होती. लेक आहे हे बघूनही त्यांनी ती खाली ठेवली नाही.

"सांगून आलीस?"

"आले."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. दोनदा."

माधवरावांचे ओठ हलले. दारातून ते बाजूला झाले नाहीत. ऊन तिच्या पाठीवर होतं, पायात झरीची काळी माती होती, आणि समोरच्या गच्चीवर योगीराज उगाच कुंड्यांना पाणी घालत रेंगाळला होता.

"बाबा," ती म्हणाली, "ती पहार घेऊन किती वेळ उभं राहायचं ते तुम्ही ठरवा. मी आत येतेय."

तिनं चप्पल काढली आणि त्यांच्या अंगाला घासून आत गेली.