उजव्या बिजागरीचा गुलाबी ठिपका

नॉर्ब गायदा बोलतो आणि मी फोटो काढते, अशी आमची वाटणी आहे. तो माझा मावसभाऊ. जुन्या गाड्यांच्या आमच्या क्लबातल्या लोकांना वाटतं की ब्रिगँड गाड्यांबद्दल जे काही कळतं ते त्याला एकट्यालाच, मी आपली कॅमेरा घेऊन गाडीखाली सरपटणारी म्हातारी. वाटू दे. मला चारचौघांत बोलायचा कंटाळाच आहे.

काम सांगायला सोपं. सत्तर साली ब्रिगँड कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी ती नेमकी कशी होती, ते पुस्तकासाठी टिपून ठेवायचं. नुसतं चांगलं नव्हे, वाईटसुद्धा. दाराखाली आलेला रंगाचा ओघळ, घाईघाईत वाकडं चिकटवलेलं लेबल, तपासनिसाने पिवळ्या खडूने मारलेली रेघ. कुणी गंजलेली ब्रिगँड उघडून नव्याने बांधायला घेतली की आमचं पुस्तक समोर ठेवतो आणि तो ओघळसुद्धा मुद्दाम तसाच सोडतो. सरळ लेबल लावलं तर आमच्या मेळाव्यात गुण कापले जातात. बाहेरच्या माणसाला हे खूळ वाटतं. आहेच खूळ.

आणि या सगळ्या खुळात नॉर्बचा जीव अडकला होता तो एका गुलाबी ठिपक्यात.

झीलंड गावाच्या पलीकडे गेरिट कायपर नावाच्या शेतकऱ्याच्या कोठारात एक ब्रिगँड होती. पहिल्या दिवसापासून त्याचीच. नॉर्बने महिनोन् महिने त्याच्या मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठे त्याने आम्हाला आत घेतलं, तेही हात खिशात ठेवायच्या अटीवर. "तेल आणि टायर सोडले तर या गाडीला पाना लागलेला नाही," असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. बॉनेटच्या उजव्या बिजागरीच्या बोल्टवर नॉर्बला तो ठिपका दिसला आणि त्याला आकाश ठेंगणं झालं. दुसऱ्या पाळीच्या तपासनिसाची खूण! दुसरं काय असणार? पुस्तकात अख्खं पान त्याला मिळालं. तेव्हापासून देशभर जी जी ब्रिगँड बांधली गेली तिच्यावर तो ठिपका आला. नसला तर एक गुण वजा.

लाइल टरहारने तो लावला नाही. लाइल आणि नॉर्ब शाळेपासूनचे. हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फावर एका खोपटात बसून मासे धरणारे, एकाच थर्मासमधली कॉफी पिणारे. लाइलने आपली नारिंगी ब्रिगँड इतकी सुंदर बांधली होती की बघत राहावं. पण ठिपका नाही.

"माझ्या बोल्टवर मूळचा रंग शाबूत होता, नॉर्ब. त्याच्यावर ठिपक्याचा मागमूस नव्हता. नसलेलं कशाला लावू?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक तूच लिहिलंस ना, शहाण्या?"

नॉर्ब मुख्य परीक्षक. त्याने गुण कापला, आणि पहिलं पारितोषिक नेमकं त्या एका गुणाने हुकलं. "तुझं पुस्तक तुलाच लखलाभ," असं सगळ्यांसमोर म्हणून लाइल गाडीत बसला तो गेलाच. पुन्हा मेळाव्याला आला नाही. तळ्यावरच्या खोपटात नॉर्ब एकटाच बसायला लागला. मी किती वेळा म्हटलं, अरे जा, बोल त्याच्याशी. त्याचं उत्तर ठरलेलं. "माझं चुकलं असेल तर जाईन." चुकलेलं नव्हतंच ना त्याच्या मते! डोकं फोडून घ्यावंसं वाटे.

यंदाच्या वसंतात गेरिट गेला. गाडी नातवाकडे जायची होती. त्याआधी एकदा सगळं नीट टिपून घ्या म्हणून त्याच्या बायकोने, व्हर्नाबाईंनी, आम्हाला बोलावलं. गेरिट असताना कोठाराच्या दारापुढे त्यांना कधी प्रवेश नव्हता. आता त्या कॉफी आणि बदामाचं सारण भरलेलं बँकेट घेऊन थेट गाडीपाशी आल्या. नॉर्बला श्रोता मिळाला की तो सुटतोच.

"आणि हा बघा व्हर्नाबाई, जगप्रसिद्ध ठिपका. तुमच्या गाडीमुळे जगाला कळला."

व्हर्नाबाईंनी चष्मा लावला, वाकून बघितलं. "अगंबाई! हे तर माझं नेलपॉलिश."

"छे हो, कारखान्याचा रंग आहे तो."

"कारखान्यात माझं नेलपॉलिश कुठून जाईल? बहिणीच्या लग्नाला निघालो होतो. मी पुढच्या सीटवर बसून नखं रंगवत होते. बॉनेट कुरकुरतंय म्हणून गेरिटने गाडी थांबवली. म्हणाला, बाटली दे. बोल्टवर खूण केली, म्हणजे खोलल्यावर बिजागरी परत जागच्या जागी बसेल. त्या नादात दोन बोटं बिनरंगाची राहिली माझी! लग्नात हात पाठीमागे धरून हिंडले."

"पण गेरिट तर म्हणाले होते, पाना लागलेला नाही."

"गेरिटने दाढ उपटून दिली असती, पण आपण गाडी खोलली असं कबूल केलं नसतं."

  नॉर्बने भिंग काढलं आणि ठिपक्यावर धरलं. बोल्टच्या कडेने रंगाला बारीक गोल चीर होती. ती आम्हाला माहीत होती, फोटोतही आहे. वयाने रंग तडकला, असं तो सांगत आला होता. आता भिंग धरल्या धरल्याच त्याला कळलं. रंग वाळल्यानंतर बोल्ट फिरला होता. कारखान्यात ठिपका देतात तो बोल्ट आवळून झाल्यावर, आणि पुढे पाना लागला नाही तर चीर पडायचं कारणच नाही.

"बँकेट घ्या ना," व्हर्नाबाई म्हणाल्या. बिचाऱ्यांना वाटलं, त्याला चक्कर येतेय.

परतीच्या वाटेवर तो गाडी चालवत होता आणि मी वाट बघत होते. शेवटी म्हणाला, "लाइलचं बरोबर होतं."

"होतं."

"व्हर्नाबाई काही क्लबात येत नाहीत. तू... कुणाला बोलणार नाहीस ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाही बोलणार! मी कशाला बोलू? तोंड तुझं, पुस्तक तुझं, मित्र तुझा. तूच बोलायचंस!"

 घरी पोचल्यावर उतरताना तो म्हणाला, "चुकलं तर जाईन म्हणालो होतो, नाही का मी?"

"शंभरदा."

त्याच रात्री त्याने सगळ्या सभासदांना कळवलं. गुलाबी ठिपका कारखान्याचा नाही, व्हर्ना कायपर यांच्या नेलपॉलिशचा आहे. यंदापासून ज्याच्या गाडीवर असेल त्याचा एक गुण वजा. चूक सर्वस्वी माझी, आणि लाइल टरहारचा गुण मी अन्यायाने कापला. मग त्याने लाइलला फोन केला. लाइलने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी नॉर्ब त्याच्या घरी गेला तर मार्लाने, लाइलच्या बायकोने, दारातूनच सांगितलं, "गॅरेजमध्ये आहे, पण येत नाही म्हणतो." नॉर्बचं तोंड एवढंसं झालं होतं. त्याला पाहून मला रागही आला आणि वाईटही वाटलं.

जुलैत मेळावा भरला. सकाळी मैदानावर ओळीने बॉनेटं उघडी होती आणि हवेत थिनरचा वास. जो तो चिंधी घेऊन ठिपका पुसत होता आणि नॉर्बच्या नावाने बोटं मोडत होता.

"नॉर्ब, चाकं चारच होती ना रे? की तीही तुझ्याच डोक्यातली?"

"पुढच्या वर्षी सांगशील, इंजिन पण कायपरबाईंचं होतं!"

तो मान खाली घालून ऐकून घेत होता, पण लक्ष सगळं फाटकाकडे. मीही तिकडेच बघत होते. आणि आली! नारिंगी ब्रिगँड गुरगुरत आत आली, ओळीच्या शेवटी उभी राहिली. लाइल उतरला, कुणाकडे न बघता बॉनेट उघडलं आणि हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला.

नॉर्ब गुणांची पाटी घेऊन गेला, मी कॅमेरा घेऊन मागे.  त्याने नेहमीसारखं डावीकडून बघायला सुरुवात केली. लेबल, नळ्या, रंगाचा ओघळ, सगळं बिनचूक. मग तो उजव्या बिजागरीशी आला.

तिथे ठिपका होता. चांगला नाण्याएवढा, गुलाबी, ओला, खाली ओघळ सुटलेला.

"हे काय?"

"ठिपका."

"कधी लावलास?"

"आत्ता, फाटकाबाहेर. मार्लाचं नेलपॉलिश आहे. शिव्या घालणार आहे ती मला."

"लाइल, मी कळवलं होतं. याचा गुण जातो."

"वाचता येतं मला. काप."

"अरे पुसून टाक ना! मी थांबतो. तुझी गाडी पहिली येतेय, लाइल, हात जोडतो."

"काप म्हणतो ना." लाइलने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "मागच्या वेळी माझं बरोबर होतं आणि तू कापलास, म्हणून झोंबलं. आता माझं चूक आहे. आता कापल्यावर झोंबतं का बघू."

नॉर्बने एक गुण वजा लिहिला. खाली सही केली. पाटी लाइलपुढे धरली. लाइलने नाकावर चष्मा सरकवून नीट वाचलं.

"झोंबलं?" नॉर्बने विचारलं.

"थोडं."

आणि नॉर्बसारखा आडदांड माणूस उघड्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून हमसाहमशी रडायला लागला. लाइल त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लावून.

"ए," तो म्हणाला, "इंजिनावर नको रडूस. गंज चढेल."